करवतीची वाट

शाळेत मी इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंदे कागदावरचे, आणि कागद बहुतेक लाकडाचाच. तरीही लाकूड कापणाऱ्या माणसाला आमच्या क्रमिक पुस्तकात एक ओळही मिळालेली नाही. पुस्तकात लढाया आहेत, तह आहेत, गादीवर कोण बसला आणि कोणाला बसू दिले नाही याचा तपशील आहे. ज्या बाकावर बसून मुले हा तपशील पाठ करतात, त्या बाकाची फळी गोल खोडातून सपाट होऊन कशी निघाली, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा कोरडा वाटेल खरा. पण भुसा कोरडाच असायचा, त्याला इलाज नाही.

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दावरून आला. ‘क्रकच’ हेही तिचेच जुने नाव. मोक्षासाठी काशीत करवतीखाली देह ठेवणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे पूर्वापार सांगितल्या जातात. दोन्हीकडून नुकसान करणाऱ्या माणसालाही आपण करवतीचीच उपमा देतो. ती जाताना कापते आणि येतानाही कापते, असे म्हणतो. सुतारापुढे हे बोललात तर तो हसेल. साध्या करवतीचे दात एकाच दिशेला कललेले असतात. त्या दिशेने ती कापते. परतीची फेरी रिकामी जाते. म्हणजे करवत ओढणाऱ्याचे अर्धे हेलपाटे फुकटच. ही रिकामी फेरी कशी टाळावी, हा करवतीच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा : करवत लाकडातून जाते तेव्हा ती स्वतःसाठी एक वाट पाडते, आणि त्या वाटेतले लाकूड भुसा होऊन खाली पडते. ही वाट किती अरुंद करता येईल? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता माणूस कोठून कोठे गेला, तेवढेच येथे सांगायचे आहे.

करवतीच्या आधी पाचर होती. ओंडक्यात पाचरी ठोकून तो उभा फाडायचा आणि वाकसाने तासून सपाट करायचा. अशी फळी बळकट असते, कारण ती लाकडाच्या रेषेबरोबर फुटलेली असते. पण फळी कोठे निघेल हे झाड ठरवते, माणूस नव्हे. आणि बरेचसे लाकूड ढलप्या होऊन जाते. करवतीने हा अधिकार माणसाच्या हाती दिला. ओंडका उंच घोड्यावर टेकवायचा किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा, कावेत भिजवलेले सूत ताणून त्यावर रेघ मारायची, आणि एकाने वर उभे राहून व एकाने खाली उभे राहून लांब करवत वरखाली ओढायची. वरचा रेघ सांभाळतो. खालचा जोर लावतो आणि दिवसभर भुसा डोळ्यांत घेतो. इंग्लंडपासून मलबारपर्यंत शतकानुशतके हे असेच चालले. दोघांत मोठा कोण, हे सांगायची गरज नाही; भुसा कोणावर पडतो एवढे पाहिले की पुरे.

आपल्या आरमाराची गलबते याच करवतीतून उतरली. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी जो हुकूम आहे, तो मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. सागवानादी झाडे लागतील ती परवानगीने तोडावीत. आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन मगच तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये, असा त्याचा आशय आहे. राज्याला लाकूड हवे होते आणि ते मिळवण्याची ताकदही त्याच्यापाशी होती. अशा वेळी करवत लावण्याआधी कोणाला विचारायचे, हे त्या माणसाने लिहून ठेवले. हा मुद्दा लक्षात असू द्यावा. पुढे त्याच्याकडे परत यावे लागेल.

त्यानंतरच्या काळात मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या वंशजांनी सागवानी जहाजे बांधली. ‘मिंडेन’ १८१० साली पाण्यात उतरले, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ साली. १८४२ साली इंग्रजांनी चीनकडून नानकिंगच्या तहावर सही घेतली, ती याच ‘कॉर्नवॉलिस’च्या तक्तपोशीवर. १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ तर अजून इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. या जहाजांवर सुतारमिस्त्री आणि मालक यांची नावे आहेत. खाली उभे राहून ज्यांनी फळ्या ओढल्या, त्यांची नावे नाहीत.

२

पाण्याच्या जोरावर करवत चालवण्याची युक्ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच जुनी आहे. हल्लीच्या तुर्कस्तानात हायरापोलिस नावाचे प्राचीन नगर आहे. तेथल्या तिसऱ्या शतकातील एका शवपेटीवर पाणचक्की कोरलेली असून तिच्या दांड्यांना जोडलेल्या दोन करवती दगड कापताना दाखवल्या आहेत. चाकाची गोल गती करवतीच्या सरळ येरझारीत बदलायची, ही त्यातली मेख. ती मेख लाकडाच्या व्यापारात पुरतेपणी बसवली डचांनी. आउटखेस्ट गावच्या कोर्नेलिस कोर्नेलिसझोन नावाच्या गृहस्थाने १५९३ साली पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचा हक्क मिळवला आणि पुढच्याच वर्षी गिरणी उभी केली. एका चौकटीत अनेक पाती ताणून बसवायची. वारा सुटला की ओंडका एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फळ्यांची चवड बाहेर येते. झानडामच्या परिसरात अशा गिरण्यांची रांगच लागली. रशियाचा पीटर बादशहा १६९७ साली जहाजबांधणी शिकायला वेष पालटून तेथेच गेला. सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्याला ज्या डचांची वखार होती, त्यांच्या समुद्रावरील सत्तेमागे हा वाऱ्यावरचा भुसा होता. आजही आपण लाकडाच्या दुकानाला ‘वखार’ म्हणतो, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

अर्थात कोणाची फळी स्वस्त झाली की कोणाची तरी भाकरी महाग होते. लंडनजवळ लाइमहाउस येथे चार्ल्स डिंग्ले नावाच्या व्यापाऱ्याने पवनचक्कीची करवत-गिरणी काढली. १० मे १७६८ रोजी शेकडो हातकरवतवाले तिच्यावर चालून गेले आणि त्यांनी ती मोडून टाकली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने गिरणी पाडणाऱ्यास जबर शिक्षा देणारा कायदा केला. गिरण्या वाढल्या, खड्ड्यातला माणूस खड्ड्यातून वर आला. पण वर येऊन त्याने काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. कादंबरीकाराला येथे थांबावेसे वाटते. इतिहास थांबत नाही.

या डच गिरण्यांतही परतीची रिकामी फेरी होतीच. ती पहिल्यांदा टाळली वर्तुळाकार करवतीने. सॅम्युअल मिलर याच्या १७७७ सालच्या इंग्रजी पेटंटात तिचा उल्लेख आहे. चकती फिरत राहते, दात एकापाठोपाठ एक येत राहतात, परत जाणे नाहीच. एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आल्यावर अमेरिकेत या चकत्यांनी जंगलेच्या जंगले कापून काढली. परंतु चकतीची एक खोड आहे. तिच्या व्यासाचा निम्म्याहून कमी भागच लाकडात शिरू शकतो. मधला भाग दांड्याने अडवलेला असतो. दीड फुटाचा ओंडका कापायचा तर चकती चार फुटांची हवी. एवढी मोठी चकती वेगाने फिरताना डगमगू नये म्हणून ती जाड ठेवावी लागते, आणि जाड चकतीची वाटही रुंद. पाव इंच, कधी त्याहून जास्त. वेळ वाचला, पण लाकूड भुशात जाऊ लागले.

३

या दोन्ही अडचणींवरचा उपाय कागदावर केव्हाच लिहिला गेला होता. लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने १८०८-०९ च्या सुमारास एक पेटंट घेतले. एकासमोर एक दोन चाके. त्यांवरून पट्ट्यासारखी फिरणारी, टोके जोडलेली, एका काठाला दात असलेली पोलादी फीत. म्हणजे न संपणारी करवत. ती सदैव एकाच दिशेने धावते, म्हणून रिकामी फेरी नाही. आणि चाकांनी ताणून धरलेली असते, म्हणून जाड असण्याची गरज नाही. कल्पना निर्दोष होती. पण तिच्यावर सुमारे चाळीस वर्षे धूळ बसली. कारण एवढेच की फीत तुटत असे, आणि तुटे ती बहुधा जोडावर.

यात काय कठीण आहे, असे मलाही आरंभी वाटले होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण हा हिशेब तेवढ्यात बसतो. हल्लीच्या लहान यंत्राची फीत सुमारे चार मीटर लांबीची असते आणि सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास धावते. म्हणजे तिचा प्रत्येक बिंदू सेकंदाला सहा प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक प्रदक्षिणेत दोन चाकांवर दोनदा वाकतो. सेकंदाला बारा वेळा वाकणे आणि बारा वेळा सरळ होणे. तासाला हा आकडा चाळीस हजारांच्या वर जातो. लोखंडी तार हाताने दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते, हे कोणत्याही पोराला ठाऊक आहे. न्यूबेरीच्या काळचे पोलाद आणि त्या काळची डाकजोड यांनी हे सोसावे कसे?

हा पेच सोडवला एका फ्रेंच स्त्रीने. आन पोलिन क्रेपँ हे तिचे नाव. फितीची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची रीत तिने बसवली, १८४६ साली पेटंटासाठी अर्ज केला, आणि थोड्याच काळात तो हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला विकला. पेरँने त्याला चांगल्या पोलादाची व नीट पाणी पाजण्याची जोड दिली आणि जगाला कामाची पट्टाकरवत मिळाली. पुढे कारखान्याचे नाव झाले. एका जोडावर सारे यंत्र फिरते, आणि तो जोड देणारी बाई इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीची धनीण आहे.

पहिल्या पट्टाकरवती नाजूक नक्षीकामाच्या होत्या. अख्खा ओंडका कापण्याचे धाडस अमेरिकेत इंडियाना प्रांतातील फोर्ट वेन गावी जेकब हॉफमन याने १८६०–७० च्या दशकात केले. पुढे सहा-सहा, आठ-आठ फूट व्यासाची चाके आणि वीतभर रुंद पट्टा असलेल्या प्रचंड गिरण्या निघाल्या. याच इंडियाना प्रांतात कोकोमो गावच्या एलवुड हेन्सने १९०७ साली कोबाल्ट व क्रोमियम यांचा एक कठीण मिश्रधातू सिद्ध केला आणि त्याच्या चकाकीवरून त्याला ताऱ्याच्या लॅटिन नावाने ‘स्टेलाइट’ म्हटले. आज रुंद पट्ट्यांच्या दातांच्या टोकांवर तो चढवतात. सागवानात वाळूचा जो अंश असतो, त्याने साधे दात लवकर मरतात; स्टेलाइटचे तग धरतात.

४

गिरणी मोठी झाली की ओंडक्याला तिच्याकडे जावे लागते. नदीतून, रेल्वेतून, बैलांच्या खांद्यावरून. पण ओंडक्यात पाऊण वजन पाणी, साल आणि पुढे भुसा होणाऱ्या लाकडाचे असले, तरी वाहतूक साऱ्याचीच करायची. त्यापेक्षा गिरणीच झाडाकडे का जाऊ नये? एकोणिसाव्या शतकात वाफेचे इंजिन आणि चकती गाड्यावर घालून अमेरिकेतले लोक रानोरान हिंडत होते. युद्धांनी या फिरत्या गिरणीचे महत्त्व शहाण्या लोकांच्याही लक्षात आणून दिले. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी, रेल्वेसाठी, बराकींसाठी लाकूड अपुरे पडू लागले आणि ते समुद्रापलीकडून आणायला जहाजांत जागा उरेना. तेव्हा ब्रिटनने १९१६ साली कॅनडाकडे लाकूड मागण्याऐवजी लाकूडतोडेच मागितले. कॅनडाच्या वनसेनेने ब्रिटन आणि फ्रान्समधल्या रानांत गिरण्या मांडल्या आणि तेथल्या तेथे फळ्या पाडल्या.

दुसरी हकिगत मला अधिक आवडते. २१ सप्टेंबर १९३८ रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात मोठे चक्रीवादळ झाले आणि पाइनची असंख्य झाडे आडवी पडली. पडलेले झाड तसेच राहिले तर त्याला कीड लागते, आग लागण्याची भीती असते. पण पाण्यात बुडवून ठेवले तर लाकूड वर्षानुवर्षे टिकते. म्हणून सरकारने ओंडके तळ्यांत सोडले. न्यू हँपशायरमध्ये काँकर्डजवळचे टर्की पाँड हे त्यांपैकी एक तळे. पुढे युद्ध आले, पुरुष सैन्यात गेले, ओंडके पाण्यात पडून राहिले. तेव्हा १९४२ साली तेथे वनखात्याने गिरणी उभारली आणि ती चालवायला बायका नेमल्या. ओंडके काठाशी ओढणे, गिरणीवर चढवणे, फळ्यांची चवड रचणे, ही सारी कामे त्यांनी हिवाळ्याच्या गारठ्यात केली. बायकांना हे जमेल का, अशी शंका काढणारे तेव्हा पुष्कळ होते. ओंडके संपले, शंकाही संपली. युद्धानंतर या बायका आपापल्या घरी गेल्या आणि बऱ्याच वर्षांपर्यंत त्यांची कोणाला आठवण झाली नाही.

हल्लीची फिरती गिरणी मात्र चकतीची नव्हे, अरुंद पट्ट्याची. १९८२ साली इंडियानापोलिस येथे ‘वुड-मायझर’ नावाच्या कंपनीने ती धंद्यात आणली. पुन्हा इंडियानाच! फोर्ट वेन, कोकोमो आणि इंडियानापोलिस ही तिन्ही गावे एका प्रांतातली, याचे मला कौतुक वाटते. या यंत्रात एक मोठा उलटापालट आहे. जुन्या गिरणीत करवत जागच्या जागी असते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे सरकतो. येथे ओंडका जागेवर निजलेला असतो आणि आडवी करवत, तिची दीड-पावणेदोन फुटी चाके आणि इंजिन, सारा बोजा रुळांवरून त्याच्यावरून जातो. त्यामुळे यंत्र हलके होते, मोटारीमागे बांधून नेता येते आणि एक-दोन माणसांना झेपते.

काम करण्याची रीत अशी. आधी ओंडक्यावरची माती आणि खडे घासून काढतात, कारण दातांचा खरा शत्रू लाकूड नसून माती आहे. ओंडका चढवून आवळतात. बुंध्यापेक्षा शेंडा बारीक, म्हणून बारीक टोकाखाली पाचर देऊन मधला गाभा करवतीला समांतर आणतात. पहिली पाठ काढतात. मग ओंडका फिरवून दुसरी, तिसरी, चौथी. गोलाचा चौरस सोट झाला की त्याच्या फळ्या पडू लागतात. येथे घाई कामाची नाही. उभ्या झाडाच्या पोटात ताण साठलेला असतो. एकाच बाजूने कापत गेले तर तो ताण एका अंगाने सुटतो आणि फळी धनुष्यासारखी वाकते. म्हणून जाणता माणूस ओंडका मधूनमधून फिरवतो आणि दोन्ही अंगांचा ताण सारखा मोकळा करतो. झाड पडल्यावरही त्याच्याशी सबुरीनेच वागावे लागते.

५

पट्ट्याची निगा हा तर स्वतंत्र विषय आहे. रुंद पट्ट्यांच्या गिरणीत त्यासाठी निराळा कारागीर असतो. इंग्रजीत त्याला चक्क ‘करवतीचा डॉक्टर’ म्हणतात. आमच्या तालुक्याच्या गावी एका वखारीत असा एक म्हातारा मिस्त्री होता. पट्टा पोलादी पाटावर आडवा पसरून तो त्यावर पट्टी टेकवी, डोळा बारीक करून पट्टी आणि पोलाद यांमधल्या फटीतला उजेड पाही आणि जेथे हवे तेथेच हातोडीचा हलका ठोका देई. मधला भाग किंचित ताणला की काठ घट्ट बसतात आणि पट्टा चाकावर सरळ धावतो. ठोका कोठे द्यायचा, हे त्याने मला दोनदा समजावले. मला दोन्ही वेळा तो उजेड दिसला, पण त्याला जे कळत होते ते कळले नाही.

अरुंद पट्ट्याला हातोडी लागत नाही, पण शिस्त लागते. एक दात डावीकडे, एक उजवीकडे आणि एक सरळ, असे दात वाकवलेले असतात. पट्टा एक मिलिमीटर जाडीचा. दोन्ही अंगांना दात अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर. म्हणजे वाट दोन मिलिमीटरांची. एवढी मोकळीक नसेल तर पट्ट्याची पाठ लाकडाला घासून तापते. तापलेले पोलाद सैल होते आणि सैल पट्टा लाकडात नागमोडी जातो. ओल्या, मऊ लाकडाला दात थोडे अधिक वाकवावे लागतात. वाळलेल्या, कठीण लाकडाला कमी. दोन बाजूंना सारखे वाकवले नाहीत तर पट्टा एकीकडे ओढला जातो आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते.

दातांमधली खाचही दातांइतकीच महत्त्वाची. कापलेले लाकूड भुसा झाले की फुगते. तो भुसा ओंडक्याबाहेर येईपर्यंत त्या खाचेतच मावला पाहिजे. तडा जातो तोही बहुधा खाचेच्या तळाशीच. म्हणून धार लावताना नुसती दाताची टोके घासून भागत नाही. सहाणेचे चाक खाचेच्या तळातून फिरवून तेथला बारीकसा थर काढावा लागतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तडे त्याबरोबर निघून जातात. पट्टा बोथट होईपर्यंत चालवणे हा खरा उधळेपणा होय. बोथट पट्टा अधिक जोर मागतो, अधिक तापतो आणि अवेळी मरतो. तास-दोन तास चालवून तो उतरवावा, दुसरा चढवावा. चिकाचे लाकूड असेल तर पट्ट्यावर पाण्याची बारीक धार सोडावी. आणि दिवस संपला की चाकांवरचा ताण सैल करावा. ताणलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवलेला पट्टा सकाळी काम करतो खरा, पण त्याचे आयुष्य कमी होते.

तुटलेला पट्टा टाकून देतात असे नाही. टोके काटकोनात कापून, एकमेकांना भिडवून जोडतात. मात्र जोडून गार झालेला सांधा काचेसारखा ठिसूळ असतो. त्याला पुन्हा मंद तापवून हळूहळू निवू द्यावे लागते, तेव्हा कोठे तो वाकायला तयार होतो. न्यूबेरीची फीत जेथे तुटे, तेथेच ही काळजी घ्यायची असते.

६

आता एक साधे गणित. अर्धा मीटर जाडीच्या चौरस सोटातून पंचवीस मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. चकतीची वाट सहा मिलिमीटरांची धरली तर सोळा फळ्या निघतात. पट्ट्याची वाट दोन मिलिमीटरांची, फळ्या अठरा. त्याच झाडातून दोन फळ्या जास्त! आठ ओंडके कापले की एका ओंडक्याएवढा माल वरकड मिळाला. हे गणित मी सातवीच्या वर्गात घातले, तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे गुरुजी, आता आठ झाडांऐवजी सातच तोडतात का?”

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते सुखावह नाही. करवत जसजशी चांगली झाली, तसतशी झाडे अधिकच पडली. मुंबई आणि मलबारच्या सागवानाने इंग्रजांची जहाजे बांधली गेली. मलबारचे रान इतके उतरले की १८४० नंतर कॉनोली या कलेक्टरला निलंबूर येथे चाथू मेनन यांच्या मदतीने सागाची लागवड हाती घ्यावी लागली. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन या दापोडीच्या बागेच्या प्रमुखाला जंगलांचा रखवालदार नेमले. पुढे रेल्वे आली आणि तिला रुळांखाली लाकूड लागू लागले. अंदमानात १८५७ च्या उठावातील बंदिवानांसाठी वसाहत झाली आणि तेथे चॅथम बेटावर १८८३ साली सरकारी करवत-गिरणी निघाली. ज्या भूमीवर पुढे सावरकरांनी दहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, त्या भूमीवरील पडौक झाडांच्या फळ्या याच गिरणीत पडत. दुसऱ्या महायुद्धातील बाँबचा खड्डा तेथे अजून दाखवतात.

स्वतंत्र भारतातही रिकामे रान बोलके झाल्यावरच कायदा जागा झाला. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जो आदेश दिला, त्याने आणि त्यामागून आलेल्या आदेशांनी जंगलाजवळच्या बिनपरवाना आरागिरण्यांना चाप बसला. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडाच्या उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान आजही देशात नावाजलेले आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी ते २०२३ साली बल्लारशाहून गेले. त्या लाकडाला मान मिळाला याचा आनंद आहेच. पण असा साग एका पिढीत होत नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

बारीक करवत झाड वाचवते असे म्हणण्याचा मोह मला या लेखात पुष्कळदा झाला. ते खरे नाही. ती फळी वाचवते. वादळाने पाडलेले, रस्त्याच्या कामात आलेले, बांधावर वाळून उभे असलेले झाड आजवर सरपणात जात असे; फिरत्या गिरणीने त्याचे दार किंवा पेटी होऊ शकते, हा तिचा मोठा उपकार आहे. उभ्या, जिवंत झाडाचे मात्र तिच्या हाती काही नाही. त्याचा निकाल करवत चालू होण्यापूर्वीच लागलेला असतो, आणि तो कोण लावतो, कोणाला विचारून लावतो, हा प्रश्न उरतो. रामचंद्रपंतांच्या कारकुनांजवळ स्टेलाइट नव्हते, इंजिन नव्हते. खड्ड्यातल्या माणसाच्या दोन हातांपलीकडे काही नव्हते. पण झाडाला धनी असतो, आणि त्याला राजी केल्यावाचून करवत लावायची नसते, एवढे त्यांना लिहून दिलेले होते. त्या मुलीला मी सांगितले की सात तोडायची की आठ, हे करवतीला विचारू नकोस; ते ठरवणारी माणसे उद्या तुमच्यापैकीच असतील. तिने ते वहीत लिहून घेतले.